पहिला प्रश्न : बुरशी की जिवाणू?

पायाला वर्षानुवर्षे सूज आहे, दुखत फारसे नाही, पण सुजेवर पाच-सहा छिद्रे पडली आहेत आणि त्यांतून येणाऱ्या पुवात खसखशीएवढे दाणे दिसतात. हे दाणे म्हणजे रोगकारक सजीवाची शरीरात घट्ट बांधली गेलेली वसाहत. यातला एक दाणा सलाइनमध्ये धुवावा, काचपट्टीवर ठेवावा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून दुसऱ्या काचपट्टीने चिरडावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. दोन ते पाच मायक्रॉन जाडीचे, आडव्या पडद्यांचे तंतू दिसले तर ती बुरशी. तंतू एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतील, ग्रामच्या रंगात निळे-जांभळे उठत असतील, तर ते बुरशीसारखे वाढणारे जिवाणू. बुरशी निघाली तर रोग्याला अनेक महिने इट्राकोनॅझोल आणि बहुधा शस्त्रक्रियाही लागते. जिवाणू निघाले तर को-ट्रायमोक्साझोल आणि अमिकॅसिनसारख्या प्रतिजैविकांनी पाय बहुतेक वेळा वाचतो. एका वाटेचे औषध दुसऱ्या वाटेला निरुपयोगी. रोगकारक बुरशी आणि बुरशीसदृश जिवाणू ओळखण्याच्या शास्त्राचा सगळा विस्तार पुढच्या प्रकरणांत येईलच. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे : या शास्त्रातला सर्वांत मोलाचा निर्णय पहिल्या अर्ध्या तासात, साध्या सूक्ष्मदर्शकावर होतो, आणि तो रायगडच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतो.

हा निर्णय आज सोपा वाटतो, पण तो हाती यायला अर्धशतक लागले आणि त्या कथेचा मोठा भाग अलिबागसमोरच्या मुंबईत घडला. मद्रास इलाख्यातल्या मदुरेत १८४२ साली जॉन गिल यांनी या पायाच्या रोगाचे वर्णन केले. पुढे त्याला ‘मदुरा पाय’ हे नाव पडले. पण त्या पायात नेमके काय आहे हे सूक्ष्मदर्शकाने तपासण्याचे काम हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी केले. ग्रे यांच्या ‘अॅनाटॉमी’तली चित्रे काढणारे तेच हे कार्टर. ते पुस्तक १८५८ साली छापून निघाले त्याच वर्षी ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया शिकवू लागले. कापलेले पाय त्यांच्यासमोर येत आणि ते त्यांचे छेद घेत, चित्रे काढत, दाणे मोजत. १८६० साली मुंबईच्या वैद्यकीय सभेच्या नियतकालिकात त्यांनी हा बुरशीचा रोग आहे असे मांडले आणि पुढे त्याला ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. मधली अनेक वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७४ साली त्यांचा या रोगावरचा ग्रंथ लंडनहून निघाला. काळ्या दाण्यांचा एक प्रकार आणि फिकट दाण्यांचा दुसरा, हा भेद त्यांनी स्वच्छ नोंदवला होता. दोन्ही प्रकारांचा पाय बाहेरून सारखाच दिसतो, म्हणून दोन्ही एकाच रोगाची रूपे असावीत असे त्या काळी वाटणे अगदी स्वाभाविक होते.

कार्टर यांची चूक कुठे झाली हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण तीच चूक आजही आपल्या प्रयोगशाळांत रोज होऊ शकते. त्यांच्या नमुन्यांवर एक लालसर बुरशी उगवली. इंग्लंडमधले बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी तिचे नामकरण करून त्यात कार्टर यांचेच नाव गोवले, आणि काही काळ तीच मदुरा पायाची कर्ती मानली गेली. पुढे ती बाहेरून आलेली, नमुन्यावर नुसती पोसलेली बुरशी ठरली. म्हणजे रोग बुरशीचा आहे हे कार्टर यांचे निरीक्षण काळ्या दाण्यांपुरते खरे होते, पण जी बुरशी हाती लागली ती भलतीच होती. दाण्यात काय दिसते ही एक गोष्ट आणि संवर्धनाच्या बशीत काय उगवते ही दुसरी. पहिली साक्ष दुसरीने खोडायची नसते, उलट दुसरी पहिलीवर घासून बघायची असते. फिकट दाण्यांचे कोडे १८९४ साली सुटले. अल्जीरियात व्हिन्सेंट यांनी अशा दाण्यातून एक अत्यंत बारीक तंतूंचा सजीव वाढवला. आज त्याला आपण ‘अॅक्टिनोमॅड्युरा मॅड्युरी’ म्हणतो आणि तो जिवाणू आहे. १९१३ साली पिनॉय यांनी या रोगाची सरळ दोन घरांत वाटणी केली : एक खऱ्या बुरशीचे, दुसरे अॅक्टिनोमायसीट जिवाणूंचे. कार्टर १८९७ साली वारले. ही वाटणी त्यांना पाहायला मिळाली नाही, पण तिच्यासाठी लागणारे निम्मे पुरावे त्यांच्याच चित्रांत होते.

हे जिवाणू बुरशीसारखे दिसतात म्हणून त्यांना बुरशी मानणे ही केवळ शब्दांची गफलत नव्हे. बुरशीच्या पेशीत केंद्रक असते, तिची भिंत कायटिन आणि ग्लुकनची, तिच्या पटलात अर्गोस्टेरॉल. बुरशीवरची आपली बहुतेक औषधे या अर्गोस्टेरॉलवरच घाव घालतात. नोकार्डिया किंवा अॅक्टिनोमॅड्युरा या अॅक्टिनोमायसीट जिवाणूंच्या अंगी यातले काहीच नाही. तिथे जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची भिंत आहे, केंद्रक नाही, अर्गोस्टेरॉल नाही. मग तंतू आणि फांद्या का? दोघांनाही मातीत, कुजत्या काडीकचऱ्यात अन्न शोधत पसरायचे असते आणि पसरण्यासाठी धाग्यासारखा दुसरा आकार नाही, असे त्याचे उत्तर देता येते. एकाच मातीत राहणाऱ्या या दोन कुळांचे आपसांत वैरही आहे आणि आपण त्या वैरावरच जगतो. बुरशीविरुद्धचे सर्वांत भरवशाचे औषध अँफोटेरिसिन बी हे व्हेनेझुएलातल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचे. डोळ्यात घालायचे नॅटामायसिनही त्याच कुळाचे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्याचे नाव त्यांनी पिंपरीवरून ‘पिंप्रिना’ ठेवले आणि त्यापासून मिळवलेल्या बुरशीनाशकाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ म्हटले. आपल्याच मातीतला बुरशीसारखा जिवाणू बुरशीचा वैरी निघाला, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. रोग देणारा आणि औषध देणारा, अशी दोन्ही माणसे एकाच वाडीत राहावीत तसे हे आहे. म्हणूनच दारावरची पाटी नीट वाचायला हवी.

इथे पहिली शंका येते आणि ती रास्त आहे. मदुरा पाय हा कोरड्या मुलखाचा रोग. राजस्थान, तामिळनाडूचा कोरडा भाग, सुदान, मेक्सिको ही त्याची घरे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या रायगडच्या किनाऱ्याला त्याचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले हे खरे, पण अलिबाग-मुरुड-श्रीवर्धनच्या दवाखान्यात असा पाय क्वचितच येणार. मला हे मान्य आहे. पण एक तर वीटभट्टीवर, बंदरावर, मच्छीमार बोटींवर राबणारी माणसे केवळ किनाऱ्यावरची नसतात. कोरड्या जिल्ह्यांतून आलेला मजूर आपला पाय बरोबर घेऊनच येतो. दुसरे आणि महत्त्वाचे, बुरशी की जिवाणू हा प्रश्न फक्त पायाचा नाही. मदुरा पाय हे त्या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण, एवढेच. किनाऱ्यावर तोच प्रश्न डोळ्यात, छातीत आणि कातडीवर उभा राहतो.

डोळ्याचे बघा. खारेपाटात भाताची झोडणी चालू असताना कूस किंवा पेंढ्याचे टोक बुबुळाला लागते. वाडीत सुपारी-नारळाच्या झावळ्या ओढताना तेच होते. दोन-चार दिवसांत बुबुळावर पांढरा डाग पडतो. तो बहुधा फ्युजेरियम किंवा अॅस्परजिलसचा असतो आणि नॅटामायसिनने आटोक्यात येतो. पण तो नोकार्डियाचाही असू शकतो. मग नॅटामायसिन कितीही घातले तरी उपयोग नाही, अमिकॅसिनचे थेंब लागतात. दोन्ही व्रणांत स्टेरॉइडचे थेंब अंदाजाने घालणे म्हणजे डोळ्याशी खेळ. बुबुळ हलकेच खरवडून घेतलेला कण दोन काचपट्ट्यांवर पसरायचा, एकीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दुसरीवर ग्रामचा रंग. दहा मिनिटांत वाट स्पष्ट होते. मात्र सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही इथेच दिसते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. साचलेल्या पाण्यात, चिखलात राहणारा पिथियम इन्सिडिओसम नावाचा सजीव बुबुळात शिरला तर काचपट्टीवर रुंद, विरळ पडद्यांचे तंतू दिसतात आणि पाहणारा ‘बुरशी’ असा अहवाल देऊन मोकळा होतो. पिथियम बुरशीही नाही आणि जिवाणूही नाही. शैवालांशी जवळचे नाते असलेल्या तिसऱ्याच कुळातला तो आहे. त्याच्या भिंतीत सेल्युलोज असते आणि पटलात अर्गोस्टेरॉल नसल्यातच जमा, त्यामुळे बुरशीनाशके त्याच्यावर फसतात. लिनेझोलिड आणि अॅझिथ्रोमायसिनकडे वळावे लागते, अनेकदा बुबुळही बदलावे लागते. त्याची खूण पटवण्याची जुनी रीत मला फार आवडते : वाढलेल्या वसाहतीवर गवताची पाती ठेवायची, ती पाती मग पाण्यात सोडायची आणि पोहणारे बीजाणू बाहेर पडतात का ते पाहायचे. माणसाला ग्रासणाऱ्या खऱ्या बुरशींना असे पोहता येत नाही. म्हणून बुबुळाच्या अहवालात ‘रुंद, विरळ पडद्यांचे तंतू, पिथियम वगळावा’ एवढी ओळ लिहायला तंत्रज्ञाने शिकले पाहिजे. पहिला निर्णय पहिला असतो, शेवटचा नव्हे.

छातीच्या रोगात हा गोंधळ अधिक महागात पडतो. नोकार्डिया फुप्फुसात शिरला की खोकला, ताप, वजन घटणे आणि एक्स-रेवर पोकळी असे सगळे क्षयासारखेच चित्र उभे राहते. क्षयाच्या थुंकी तपासणीत आपल्याकडे २५ टक्के सल्फ्युरिक आम्लाने रंग धुतात. क्षयाचा जिवाणू त्यात टिकतो, नोकार्डियाचा रंग मात्र उतरतो आणि तो दिसेनासा होतो. आम्ल एक टक्क्याचे वापरले तर तोच नोकार्डिया मण्यांच्या माळेसारखा, फांद्या फुटलेला, लालसर दिसतो. तेच रंगद्रव्य, तेच यंत्र, फक्त आम्लाची तीव्रता बदललेली. रायगडमध्ये क्षय कार्यक्रमामुळे गावोगावी सूक्ष्मदर्शक आणि ते हाताळणारे तंत्रज्ञ पोचले आहेत. बुरशी आणि नोकार्डिया शोधण्यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको. एक बाटली पोटॅशियम हायड्रॉक्साइडची आणि एक सौम्य आम्लाची त्या टेबलावर ठेवली तर पुरे.

यावर दुसरी शंका हमखास निघते : आता जनुकीय यंत्रे आली आहेत, प्रथिनांच्या वजनावरून दहा मिनिटांत प्रजाती सांगणारी यंत्रे मोठ्या रुग्णालयांत आहेत, मग काचपट्टीचे कौतुक कशाला? या यंत्रांचा मी विरोधक नाही. क्षयासाठीचे गोव्यात बनणारे ट्रूनॅट यंत्र तालुक्यापर्यंत पोचले ही मोठी गोष्ट आहे. पण ते विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ‘क्षय आहे का?’ यावर ‘नाही’ एवढेच सांगते, मग काय आहे ते सांगत नाही. प्रथिने तोलणाऱ्या यंत्राला आधी वाढलेली वसाहत लागते, आणि मदुरेच्या बुरशीची वसाहत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. काचपट्टीचे मोल असे की ती न विचारलेलेही दाखवते. यंत्र खरे कामाला येते ते पुढच्या पायरीवर. गजकर्णाचेच घ्या. गेल्या दशकात भारतभर पसरलेला हट्टी गजकर्ण ज्या बुरशीमुळे होतो तिला २०२० साली जपानी संशोधकांनी भारतावरूनच ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव दिले. टर्बिनाफिनला ती पुष्कळदा दाद देत नाही. काचपट्टीवर आणि बशीत ती तिच्या जवळच्या भावंडांसारखीच दिसते. वेगळी ओळखायची तर जनुकीय क्रमच वाचावा लागतो. तिथे सूक्ष्मदर्शकाने गप्प बसावे आणि नमुना मुंबईला पाठवावा.

पण गजकर्णाचे नाव निघाले की तिसरी शंकाही येते, आणि ती सर्वांत जास्त व्यवहारी आहे : कशाला ओळखत बसायचे, मलम देऊन बघू, बरे वाटले तर ठीक. आवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईच्या बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या असोत, की मासळी उपसणाऱ्या खलाशाच्या जांघेतला नायटा, दुकानदार जे मलम देतो त्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड असे तिन्ही कालवलेले असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, कड्याची लाली जाते, आणि बुरशी निवांत पसरते. नंतर येणाऱ्या रोग्याच्या अंगावर ना नीट कडा असते ना खवले. डॉक्टरचा डोळाही तिथे फसतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. ती पुरेशी पाळली जात नाही हे कोणत्याही बाजारपेठेत दिसेल. ‘देऊन बघू’ ही पद्धत स्वस्त वाटते कारण तिचा खर्च दुसऱ्या महिन्यात आणि दुसऱ्याच्या खिशातून होतो. मदुरेच्या पायाला चुकीचे औषध सहा महिने दिले तर खर्च पायाचाच होतो. अमिकॅसिन मूत्रपिंडाला आणि कानाला जड जाते, इट्राकोनॅझोल यकृताला. गरज नसलेल्या रोग्याला ही औषधे देणे म्हणजे उपचार नव्हे. खवले खरवडायला बोथट पाते लागते, आणि पाच मिनिटे.

नाव चुकले की काय होते हे महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर पाहिले. कोविडमधून उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रोग्यांच्या नाकातोंडात म्युकरमायकोसिस शिरला. मे महिन्यात केंद्राने राज्यांना त्याची नोंद सक्तीची करायला सांगितले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले आणि मग पांढरी, पिवळी असे रंग निघाले. म्युकरचे तंतू काळे नसतात. ते रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवतात आणि मेलेले मांस काळे पडते. रंग मांसाचा होता, बुरशीचा नव्हता. प्रयोगशाळेतला खरा प्रश्न वेगळा होता : तंतू रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले, काटकोनात फुटलेले आहेत, की अरुंद, पडदे असलेले, लघुकोनात फुटलेले? पहिला म्युकर, दुसरा बहुधा अॅस्परजिलस. अॅस्परजिलसला चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरला चालत नाही. त्याला प्रामुख्याने अँफोटेरिसिन हवे, आणि त्या दिवसांत त्याच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. अशा वेळी अर्ध्या तासात काचपट्टीवरून सांगितलेली तंतूंची जाडी ही कुणाला कुपी आधी द्यायची हे ठरवणारी गोष्ट होती. इतक्या मोठ्या किमतीने शिकलेला धडा आपण विसरता कामा नये.

राहता राहिली बशी, म्हणजे संवर्धन. तिच्यावर पुढे दीर्घ प्रकरण आहे, म्हणून इथे किनाऱ्यापुरतेच सांगतो. आषाढात रायगडच्या हवेत बीजाणू इतके असतात की उघडी ठेवलेली सॅबूरो अगारची बशी आठवड्याभरात हिरवी-काळी होते. त्यामुळे ‘नमुन्यातून अॅस्परजिलस वाढला’ एवढ्या वाक्याला इथे फारच थोडा अर्थ आहे. त्याच नमुन्याच्या काचपट्टीवर तंतू दिसले होते का, बशीवर नमुना जिथे ठेवला तिथेच वसाहत उगवली की कडेला, दुसऱ्यांदा घेतलेल्या नमुन्यातूनही तीच आली का, या तीन प्रश्नांची उत्तरे सोबत नसतील तर तो अहवाल कार्टर यांच्या लाल बुरशीइतकाच विश्वासार्ह. उलट चूकही तितकीच होते. बाहेरची बुरशी रोखायला बशीत सायक्लोहेक्सिमाइड घातले की कित्येक खऱ्या रोगकारक बुरशीही दबून राहतात. जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल घातले की शोधत असलेला अॅक्टिनोमायसीटच उगवत नाही. म्हणून काचपट्टी आधी वाचायची आणि मगच बशी निवडायची. हा क्रम उलटा झाला की सहा आठवडे वाया.

तंत्रज्ञ चुकतील ही भीती काहींना वाटते. चुकतील. म्हणूनच प्रत्येक संशयित काचपट्टी दुसऱ्या डोळ्यांनी वाचावी, जपून ठेवावी, आणि अडेल तिथे मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे पाठवावी. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, दुर्मीळ वाण तिथपर्यंतही पोचवता येतात. अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी तरी पहिल्याच वर्षापासून तंतूची जाडी मोजायची सवय लावून घ्यावी.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या डॉक्टरांकडे माझी एक मागणी आहे. नमुन्याबरोबरच्या कागदावर रोग्याचा व्यवसाय, त्याचे मूळ गाव आणि आधी लावलेली मलमे लिहा. पुवाचा कापूस पाठवू नका, दाणा किंवा तुकडा पाठवा. आणि तुकडा काढलात तर त्याचे दोन भाग करा : एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मलिनमध्ये बुडालेल्या तुकड्यातून काहीही उगवत नाही.